कानाच्या पाळीइतकं मऊ

पीठ मळणारे हात बेकरीवालीला आपले वाटेनात. आई गेल्यापासून असं व्हायचं. भट्टी, समोरचा भाऊ, सगळं जणू काचेपलीकडे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हे वेड नाही. दुःखाने दमलेलं मन आडोशाला बसतं. हाताला लागेल ते धरा, येईल परत." आज काही केल्या जमेना. तिने एप्रन सोडला. "दादा, तूच मळ. मी इथे नाहीच." "बरं," परात ओढत भाऊ म्हणाला, "पण पीठ झालंय का तेवढं सांग." आईची रीत होती: एका हाताने पीठ दाबायचं, दुसऱ्याने कानाची पाळी, दोन्ही सारखी मऊ लागली की झालं. "कान तरी माझा कुठंय?" "मग माझा धर." तिने धरला. "हा कान की कडक टोस्ट?" मग नकळत स्वतःचा चाचपला. मऊ, उबदार, पिठाने माखलेला. दुसऱ्या हाताने परातीतलं पीठ दाबलं. "अजून मळायला हवं. सरक, मी मळते."