पायरीखाली

रिक्षातून उतरली ती पार्वताबाई सरळ पायरीखाली जाऊन बसली, भर उन्हात.

"माय, आत चल ना," अंबादास म्हणाला.

"कोणाचं घर हाये हे?"

"आपलंच हाये, माय. नवीन केलं."

लहान पोराची थाप ऐकून हसावं तशी म्हातारी हसली. पायातल्या चपला काढून तिनं बाजूला, नालीच्या कडेला ठेवल्या.

हौसेला मोल नाही म्हणतात. जबलपुरात मदन महलजवळच्या त्या गल्लीत अंबादासनं जुन्या घराचं असं रूप पालटलं होतं की टपालवालाही पुढं निघून गेला होता. फॅक्टरीतून रिटायर व्हायच्या आधी मायसाठी हे करायचंच, असा त्याचा हट्ट. तिचा पाय अडखळायचा म्हणून सगळीकडे एकसारख्या फरश्या. दाराला काळ्या ग्रॅनाइटचा उंबरा. भिंतींचा रंग त्याच्या बायकोनं, लतिकानं निवडला होता, दुधावरच्या सायीसारखा. काम चाललं तोवर माय रिछाईला मुलीकडे होती. अलीकडे ती माणसं विसरायची, पण घर कधी विसरली नव्हती. आज अंबादास तिला घेऊन आला आणि ती आपल्याच दारात कोरड्या जिभेनं ओठ चाटत बसली होती. नवतपा, उन्हाळ्याचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागलेला; झळांनी डोळे उघडत नव्हते.

लतिका लगबगीनं गिलासभर पाणी घेऊन आली. म्हातारीनं गिलासाला हात लावला नाही. ती मागं सरकली, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि तोंडाशी धरली.

"वरून टाका बाई. दुरूनच."

लतिकाला काही कळलं नाही. ती इथलीच, शहरात वाढलेली. अंबादासला कळलं. लहानपणी एका लग्नात त्यानं पाण्यासाठी अशीच ओंजळ पुढं केली होती. याच मायनं चारचौघांत त्याच्या कानाखाली वाजवली होती. 'ओंजळ धरायची नाही. गिलास माग. नाही देत तर तहानेनं मर, पन ओंजळ नाही!'

"माय, गिलास धर. तुझाच गिलास हाये."

"नाही बाप्पा. बाटते."

मग त्यानं तिला सरळ उचललं. अंगावर वजन म्हणून नव्हतंच. पण उंबऱ्याशी येताच ती अशी किंचाळली की समोरच्या चंपाबाई हातातलं काम टाकून धावत आल्या.

"मारतीन मले! अंदर नको नेऊ, मारतीन!"

तिनं पाय झाडले, टाच उंबऱ्याला घासली. अंबादासनं घाबरून तिला खाली ठेवलं. ती पुन्हा पायरीखाली गेली. ओठाला चीर पडून रक्त आलं होतं.

"पार्वताबाई, तुमचंच घर हाये हे," चंपाबाई म्हणाल्या. "मी चंपा. ओळखलं का?"

"चंपा, तू तरी मले घरी घेऊन चल माय," म्हातारी कळवळून म्हणाली. "माहं घर निळं हाये."

निळं. गल्लीतली बाकीची घरं दिवाळीला चुना मारत. हे घर चौदा एप्रिलच्या आधी. चुन्यात मुठीनं नीळ टाकून पार्वताबाई स्वतः कुंचा चालवायची, हात पोचेल तिथवर. वरचं अंबादास करायचा. यंदा एप्रिलमध्ये मिस्त्री लागला होता. सगळे निळे थर त्यानं खरवडून पोत्यात भरून नेले, आणि अंबादासनंच त्याला 'अच्छे से निकालो भैया' म्हणून बजावलं होतं.

"फोटो!" अंबादास ओरडला. "बाबासाहेबांचा फोटो आण, ओळखीन ती!"

"फ्रेमवाल्याकडे हाये ना," लतिका रडवेली झाली. "नवीन फ्रेमसाठी तुम्हीच तर दिला. आज दुकान बंद असते त्याचं."

अंबादास आत धावला. धुण्याच्या निळीची बाटली त्यानं बादलीत उपडी केली आणि बाहेर येऊन हातानंच भिंतीला निळं पाणी फासायला लागला. कोपरापर्यंत हात निळे झाले. ओघळ नव्या फरशीवर आले.

"हे पाह्य माय! निळं! आपलं घर!"

लतिका "अहो" म्हणाली आणि थांबली. मग तिनंही बादलीत हात घातले.

म्हातारी बघत राहिली. तिचे डोळे मोठे झाले.

"असं नको करू भैया," ती इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली. "ज्याचं घर हाये त्याले राग येईन. तुही रोजी जाईन."

आणि तिची मान एका बाजूला कलली.

"पाहून काय राहिला रे?" चंपाबाई कडाडल्या. "जीव जाईन तिचा! ती म्हणते तसं पाज!"

लतिकानं लोटा आणून दिला. लोटा बघून म्हातारीनं डोळे उघडले, ती सावरून बसली आणि तिनं ओंजळ तोंडाशी नेली. अंबादासनं लोटा तिरका केला.

"आणखी वरून. भांडं लागीन."

त्यानं हात उंच केला. ती घटाघटा प्यायली. धार वाकडीतिकडी पडत होती, कारण पन्नाशी उलटलेला अंबादास गल्लीच्या देखत हमसून हमसून रडत होता.

लोटा संपला. म्हातारीच्या अंगात जरा जीव आला. तिनं त्याला हात जोडले. मग पदराचं टोक हाती घेऊन ती वाकली आणि मघाशी तिची टाच लागली होती तेवढा उंबरा पुसून काढला.