पदकाची पाठ

उद्या हेस्टरचं लग्न होतं आणि गळ्यात घालायचं मोराचं पदक तिनं स्वतःच्या हातानं भट्टीत घातलं होतं. कारागिरांनी लंडन सोडून कॉट्सवोल्डच्या खेड्यात थाटलेल्या त्या मीनाकामाच्या कारखान्यात हसण्याखिदळण्याला ऊत आला होता.

पदक बाहेर आलं, निवलं, आणि त्यावरचा मीना, काचेचा तो रंग, असा निळा उजळला की सगळे ओरडलेच.

"नवऱ्यापेक्षा मोरच देखणा!" म्हातारा कारागीर जेठ्रो म्हणाला.

"मग त्यालाच उभं करा उद्या चर्चमध्ये," नवरदेव विल्फ्रेड सफरचंदाच्या दारूचे पेले सांभाळत म्हणाला.

पदकाच्या पाठीला सगळ्यांच्या टेबलांवरचा उरलासुरला मीना एकत्र कालवून लावायची तिथली रीत. रंग नेहमी चिखलाचाच यायचा. हेस्टरनं पदक सहज उलटं केलं.

चिखल नव्हता. इवलंसं चित्र होतं. हीच खोली, हेच हसरे चेहरे, मधोमध पदक उलटं धरलेली ती.

"अगं, कधी काढलंस हे?" जेठ्रोनं वाकून विचारलं.

"मी नाही काढलं."

चित्रातल्या तिच्या खांद्यावर मागून कुणाचा तरी हात होता.

हेस्टरनं मान वर केली. सगळेच्या सगळे समोर उभे होते. पाठीमागं नुसती भिंत.

तेवढ्यात तिच्या खांद्यावर शाबासकीची ऊबदार थाप पडली.