माय मदर इज अ टीचर

इवोनीने तंबाखूचं अख्खं पान कॅमेऱ्यासमोर धरलं, तेव्हा निपाणीत संध्याकाळचे पाच वाजून गेले होते आणि तिकडे ब्राझीलमध्ये सकाळ होती.

“टीचर, धिस,” ती म्हणाली. “टुमॉरो.”

पुढची गाडी इंग्रजीत सरकेना, म्हणून तिने पोर्तुगीजमध्ये धडाधड सांगून टाकलं. सुविधाला त्यातलं निम्मं कळलं, पण मुद्दा कळला. उद्या तंबाखूच्या कारखान्यात इवोनीची मुलाखत होती. पानं निवडणाऱ्या बायकांवर मुकादम नेमायची होती. नवा साहेब फक्त इंग्रजी बोलायचा आणि म्हणे एकच प्रश्न विचारायचा : पान बांधायला तयार झालं, हे कसं ओळखता? पन्नाशी ओलांडलेल्या इवोनीला त्याचं उत्तर झोपेतही देता आलं असतं. फक्त इंग्रजीत देता येत नव्हतं.

सुविधासमोर ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीने पाठवलेला तक्ता होता. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे पोर्तुगीज. त्यात छत्री होती, दवाखाना होता, विमानतळावर हरवलेली बॅगसुद्धा होती. तंबाखूचं नाव नव्हतं. ह्याच तक्त्याच्या जोरावर ती वर्षभर ब्राझीलच्या लोकांना इंग्रजी शिकवत होती आणि जाता जाता त्यांचं पोर्तुगीज उचलत होती. तंबाखूपासून लांब जायचं म्हणून तर तिने एम. ए. केलं होतं. आणि आता बघा, तोच तंबाखू लॅपटॉपमधून घरात शिरला होता.

इवोनीने पान मुठीत दाबलं, मूठ कानाशी नेली, मग उघडली आणि मोठ्या आशेने टीचरकडे पाहिलं. टीचरला ओ की ठो कळलं नाही. मोबाइलवरच्या भाषांतराने ‘मूठ’ आणि ‘कान’ एवढंच हाती दिलं.

“ती वल ऐकतिया,” आतल्या खोलीच्या दारातून आवाज आला.

गंगव्वा उभी होती, सुविधाची आई. वर्ग चालू असताना बाहेर यायचं नाही, हा नियम तिने वर्षभरात एकदाही मोडला नव्हता.

“अव्वा, आत जा बघू. वर्ग चाललाय.”

“जाते की. पर ती बाई काय सांगत्या ते तर ऐक. मुठीत दाबल्यावर कडकड वाजलं, तर पान लई वाळलंय. गोळा होऊन ऱ्हायलं, तर अजून वल्लं हाय. मूठ सोडल्यावर सावकाश उलगडलं, की झालं. मग बांधायचं.”

सुविधाने पेन उचललं. एवढं सरळ होतं होय!

गंगव्वाला राहवेना. ती पुढे आली, कॅमेऱ्यासमोर वाकली, पदराचं टोक पान म्हणून मुठीत धरलं आणि बोटं हळूहळू सोडली. तिकडे इवोनी खुर्चीवरून अर्धी उठलीच. “सिं, सिं!” म्हणजे होय, होय! तिनेही पान दाबलं, सोडलं. पान सावकाश उलगडलं. दोघी हसल्या. दोघींमध्ये समाईक असा एक शब्द नव्हता आणि त्यांचं काही अडलंही नाही.

सुविधाने पटकन वाक्य जुळवून दिलं. इफ इट ओपन्स स्लोली, इट इज रेडी. इवोनीने ते पाच वेळा म्हटलं. पाचव्या वेळी तर असं खणखणीत म्हटलं, की सुविधाला मनापासून आनंद झाला. उद्या ही बाई मुलाखत मारणार.

मग इवोनीने पडद्याकडे बोट केलं. “टीचर, शी? योर मदर?”

तक्त्यावरचं पहिलंच वाक्य होतं, माय मदर इज अ टीचर. सुविधा प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ते म्हणून दाखवायची. इवोनीने ते खरं धरलं होतं. मास्तरणीची लेक मास्तरीण, असं कौतुकही केलं होतं. सुविधाने तिची समजूत मोडली नव्हती. खोटं कुठे बोलले, तक्ताच तर वाचला, असं तिने स्वतःला समजावलं होतं. आता पडद्याच्या कोपऱ्यात गंगव्वाचे तळवे दिसत होते. शेतात पानं खुडून आणि वखारीत तंबाखू चाळून तीस वर्षांत ते पिवळट तपकिरी झाले होते. कुठल्याही मास्तरणीचे हात असे नसतात आणि हे इवोनीइतकं कोणाला ठाऊक असणार?

“नो, नो,” सुविधा म्हणाली. “नेबर.” आणि सवयीने पोर्तुगीजही जोडून दिलं, “विझिन्या.”

म्हटलं आणि मग तिच्या लक्षात आलं. हे दोन्ही शब्द तक्त्याच्या पहिल्या पानावरचे. दाराआडून वर्षभर ऐकून ऐकून ते पान गंगव्वालाही तोंडपाठ झालेलं होतं.

गंगव्वाने पदर सोडला, खांद्यावर नीट घेतला. चेहऱ्यावर राग नव्हता. काहीच नव्हतं.

“येते हं बाई,” ती लेकीला म्हणाली. “तुमचं चालू द्या.”

ती आतल्या खोलीकडे वळली नाही. पुढच्या दाराशी गेली, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडून दार हलकेच ओढून घेतलं. खिडकीतून सुविधाला ती दिसली. रस्त्यापर्यंत गेली, उभी राहिली, मग परत येऊन पायरीवर बसली. वर्ग संपायला अजून वीस मिनिटं होती आणि तिला जायला दुसरं घर नव्हतं.