बेंबळीचा चढ

बहात्तरच्या दुष्काळात केशवराव वकिलांची जुनी शर्यतीची मोटार बेंबळीच्या चढावर नित्य तापून थांबे. तेथील मथुराबाई वकिलांनी सोबत आणलेल्या डब्यातून रेडिएटरमध्ये पाणी ओतीत आणि डब्यात उरलेले मजुरी म्हणून घरी नेत. फुकटचे पाणी त्यांनी कधी स्वीकारले नाही.

बशीर मिस्त्रीने मोटारीस दणकट इंजिन आणि त्याच्या तोलाचा मोठा रेडिएटर बसविला. पहिल्याच फेरीला तो अभिमानाने शेजारी बसला होता. चढावर वकिलांनी मोटार थांबविली.

"कामून थांबलात, वकीलसाहेब? आता ही तापायची न्हाय!"

वकिलांनी बॉनेट उघडले आणि पाण्याने भरलेला डबा खाली ठेवला. मथुराबाई रिकामी घागर घेऊन लगबगीने आल्या.

"नवं इंजिन बसवलं म्हनं, मिस्त्री. तरी बी तापली व्हय?"

बशीरने घागरीकडे पाहिले.

"लई तापली, मावशी. माझंच काम कच्चं पडलं."