धातूच्या खांबांची घरं

खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा करताना सरांनी सुमेधाच्या पुडीची बंद बरणी उघडली, हळद-कुंकू वाहिलं, वर पळीभर पाणीही सोडलं.

सुमेधा दारातच पेटली. गटारातला विषारी वायू कोंडण्यासाठी, सफाई कामगार भावाच्या मास्कमध्ये भरायच्या त्या पुडीच्या कणाकणात, वर्षभर जीव ओतून तिनं डोळ्यांना न दिसणारी, धातूच्या खांबांची इवली रिकामी घरं बांधली होती. पाण्यानं ती ढासळली.

"अगं, देवाचंच पाणी ते! वाळव की."

"वाळवून पडकं घर उभं राहतं का, सर?"

"सणासुदीला तोंड सांभाळ. पुन्हा कर."

तिनं भावाला फोन लावला. "दादा, मास्क झाला नाही. उद्या गटारात उतरू नकोस."

तो हसला. "मग कोण उतरणार, तुझे सर?"

तिनं स्पीकर लावून फोन सरांच्या तोंडापुढे धरला. "दादा, परत बोल."