खिडकीखालचा ओहोळ

परसातल्या माशांच्या तळ्याला ओहोळ जोडून गवंड्यानं पंप सुरू केला. पाणी दगडांवरून झुळझुळत तळ्यात उतरलं. आजोबांनी नाक मुरडलं.

"आवाज अगदीच मिळमिळीत आहे."

गवंड्यानं वरचा दगड वीतभर उचलला.

"अजून."

"आजोबा, मासे बिचारे कोपऱ्यात दडून बसलेत."

"बसू देत. अजून उचल."

शेवटी धार हातभर उंचावरून धबाधबा आदळायला लागली. आजोबा खिडकीशी गेले. आत आजारी आजी पांघरुणाचं टोक दातांत घट्ट दाबून पडल्या होत्या.

"झालं बघ तुझ्या मनासारखं!" आजोबा ओरडून म्हणाले. "आता सोड ते पांघरूण. खुशाल कण्ह. मला इथे काही ऐकू येत नाही."