नवसाला कंट्रोल ग्रुप

"चपला काढ," गडाच्या पायथ्याशी आई म्हणाली. पोरगी पीजीच्या प्रवेश परीक्षेत पास झाली तर अनवाणी गड चढेल, असा नवस तिने देवीला परस्पर बोलून टाकला होता.

पायऱ्या उन्हाने तापल्या होत्या. डॉक्टर शाल्मलीने परीक्षेसाठी घोकलेल्या संख्याशास्त्राचा आधार घेतला.

"आई, नवसामुळेच पास झाले हे सिद्ध करायचं तर तुलनेला कंट्रोल ग्रुप लागतो. म्हणजे तशीच मुलगी, तीच परीक्षा, फक्त नवस नाही."

"आहे की. गेल्या वर्षी मी नवस बोलले नव्हते. तू नापास झालीस."

आईचं संशोधन तसं वाईट नव्हतं. मग शाल्मलीला त्यातली चूक सापडली.

"असं नाही चालत. दोन्ही वर्षी बाकी सगळं सारखं असायला हवं. या वर्षी मी अभ्यासपण केला होता ना!"

आईने ओटीचा नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"मग गेल्या वर्षी पुण्यात खोली घेऊन काय करत होतीस?"

शाल्मलीने मुकाट्याने चपला काढल्या.